बारा खुर्च्या आणि दाराआडचा ड्युटी-चार्ट : पवित्र गुरुवारचं एक प्रकरण

हे प्रकरण मुंबईच्या उपनगरातल्या, गावठाणाला लागून असलेल्या एका कॅथलिक पॅरिशचं, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या मंडळीचं. पॅरिश कौन्सिल, लहान ख्रिस्ती समूहांचे (शेजारपाजारच्या कुटुंबांच्या गटांचे) प्रमुख आणि धर्मशिक्षक यांच्या बैठकांत चर्चेला घेण्यासाठी ते मांडलं आहे. तपशील एकाच चर्चचे नाहीत. ठिकठिकाणी घडणाऱ्या गोष्टी एका चौकटीत बसवल्या आहेत, तेव्हा हे कुठलं चर्च याचा शोध घेत बसू नये. अधिकार म्हणजे सेवा असं आपण म्हणतो, तेव्हा सोमवारी सकाळी नेमकं काय बदललेलं दिसायला हवं, एवढाच प्रश्न इथे आहे.

पॅरिशमध्ये रविवारी चार मिस्सा, म्हणजे भाकर-द्राक्षारसाच्या उपासना, होतात. तीन इंग्रजी, आणि सकाळी साडेसातची मराठी. मराठी मिस्साला दोन प्रकारची कुटुंबं येतात. एक गावठाणातली ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईतली मूळची मराठीभाषक ख्रिस्ती, ज्यांची नावं चर्चच्या जुन्या बाप्तिस्मा-नोंदींत पिढ्यान्‌पिढ्या सापडतात. दुसरी नगर, जालना, संभाजीनगर या बाजूंनी मुंबईत आलेली. घरकाम, सफाई, वॉचमनकी करणारी, वस्तीत भाड्याने राहणारी. बाकांवर कुणाचं नाव लिहिलेलं नाही. तरी पहिल्या पाच रांगा कुणाच्या हे सगळ्यांना ठाऊक असतं.

चर्च, हॉल आणि सहा स्वच्छतागृहं साफ ठेवायला ठेकेदाराची तीन माणसं आहेत. त्यांतल्या एक मावशी याच पॅरिशच्या, मराठी मंडळीतल्या. सहा वर्षं इथे कामाला. रविवारची ड्युटी सकाळी ६ ते दुपारी २.

पवित्र गुरुवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी, संध्याकाळी ७ वाजता प्रभुभोजनाची मिस्सा असते. प्रवचनानंतर धर्मगुरू बारा जणांचे पाय धुतात. येशूने शेवटच्या भोजनाच्या वेळी शिष्यांचे पाय धुतले, त्याची ही आठवण. या पॅरिशमध्ये ते बारा जण कोण, हे कौन्सिलचे सेक्रेटरी ठरवत. यादीत बहुधा कौन्सिलचे सदस्य, सणाचे यजमान आणि हॉलच्या डागडुजीला मोठी देणगी दिलेले लोक असत. प्रत्येकाला नवा टॉवेल, पावाचा लोफ आणि पॅरिशच्या ग्रुपवर फोटो. यादीत नाव न आल्यामुळे दोन घरांत बोलणं बंद झाल्याचंही उदाहरण आहे. पायांची आदल्या दिवशी पार्लरमध्ये निगा राखून येणारेही असत. यात हसण्यासारखं काही नाही. चारशे माणसांसमोर अनवाणी बसायचं म्हटलं की कुणालाही तसं वाटेल.

ही यादी मानाची का झाली, हे समजून घेतल्याशिवाय पुढचं कळणार नाही. आपल्याकडे पाय धुतात ते वडीलधाऱ्याचे, गुरूचे, लग्नात नवरदेवाचे. वारीहून आलेल्या वारकऱ्याचे धुतात, तेही त्याच्यात विठ्ठल पाहून. म्हणजे ज्याचे पाय धुतले जातात तो आधीच थोर किंवा पवित्र असतो. पाण्याचा हात खालून वर जातो. येशूने वरून खाली केलेली कृती या मातीत रुजली, पण लोकांच्या नजरेत तिची दिशा जुनीच राहिली. खुर्चीवर बसणारा मोठा, कारण त्याचे पाय फादर धुतात. झेबदीच्या मुलांनी, येशूच्या दोन शिष्यांनी, त्याच्या उजव्या-डाव्या बाजूची आसनं मागितली होती. इथे बारा आसनं होती, एवढाच फरक.

त्या वर्षी नव्याने आलेल्या फादरनी यादी बदलायचं ठरवलं. उपवासकाळाच्या पाचव्या रविवारी त्यांनी जाहीर केलं की यंदा सॅक्रिस्टन (वेदी आणि उपासनेच्या वस्तू सांभाळणारा), वॉचमन, दोन घरकाम करणाऱ्या बाया, एक रिक्षाचालक, कब्रस्तानात काम करणारा माणूस असे लोक बसतील, आणि सफाईच्या मावशीही. नियमाच्या बाजूने यात अडचण नव्हती. १९५५ साली पोप बाराव्या पायसने पवित्र आठवड्याच्या विधींची फेररचना केली. ती १९५६ पासून लागू झाली आणि पाय धुण्याचा विधी मिस्सामध्ये आला, पण तो निवडक पुरुषांपुरता. पोप फ्रान्सिस यांनी २८ मार्च २०१३ ला रोममधल्या बालगुन्हेगारांच्या तुरुंगात मुलींचे आणि मुस्लिम तरुणांचेही पाय धुतले. ६ जानेवारी २०१६ च्या आदेशाने देवाच्या प्रजेतल्या कुणालाही, म्हणजे स्त्री-पुरुष, तरुण-वृद्ध, निरोगी-आजारी, निवडता येईल असा बदल झाला.

झावळ्यांच्या रविवारनंतरच्या, म्हणजे पवित्र गुरुवारच्याच आठवड्यातल्या, सोमवारी मावशी कार्यालयात आल्या आणि म्हणाल्या, "फादर, माझं नाव काढा. पाय धुवायचे नकोत. त्या दिवशी मला मिस्साला बसू द्या."

फादरना आधी वाटलं, संकोच आहे. "मावशी, तुम्ही तिथे बसणारच आहात ना, सगळ्यांच्या पुढे," असं ते म्हणाले. त्यावर जे कळलं ते असं. सहा वर्षांत एकाही पवित्र गुरुवारी मावशी पूर्ण मिस्साला बसल्या नव्हत्या. मिस्सा चालू असताना स्वच्छतागृहांचं पाणी बघायचं, मग हॉलमध्ये जेवणाची मांडामांड, जेवणानंतर हॉल धुवायचा, आराधना मध्यरात्रीपर्यंत म्हणून तोवर थांबायचं. नव्या बेतानुसार त्यांनी पाय धुण्यापुरतं पंधरा मिनिटं खुर्चीवर येऊन बसायचं होतं आणि पुन्हा हॉलकडे जायचं होतं. रविवारच्या मराठी मिस्सालाही त्या दारातच उभ्या राहायच्या, कारण साडेसात ते नऊ ही गर्दीची वेळ.

बुधवारी कौन्सिलची तातडीची बैठक झाली. बहुतेकांचं मत, मावशी लाजतायत, समजूत काढावी. काहींना हा फादरांचा आणि पॅरिशचा अपमान वाटला; दुसरी कोणी गरीब बाई शोधा, असंही एक जण म्हणाला. एका ज्येष्ठ सदस्याने शास्त्राचा आधार काढला. येशूचा शिष्य पेत्र यानेही 'माझे पाय तू कधीच धुवायचे नाहीस' म्हणून नकार दिला होता आणि येशूने त्याला सुनावलं होतं, की मी तुला धुतलं नाही तर तुला माझ्याबरोबर वाटा नाही. म्हणजे नकार हा अहंकारच.

मग एका समूहाच्या प्रमुख बाईंनी विचारलं, "मावशींची ड्युटी लावतं कोण?" याचं उत्तर त्या खोलीत कुणाकडे नव्हतं. ठेका हॉल कमिटीने दिलेला. ड्युटी ठेकेदाराचा सुपरवायझर लावतो. हॉल कमिटी हिशेब फायनान्स कमिटीला देते. करारावर सही फादरची. ड्युटी-चार्ट हॉलच्या स्टोअरच्या दाराआड चिकटवलेला होता आणि आधीच्या किंवा आत्ताच्या, कुठल्याच फादरने तो पाहिलेला नव्हता.

या प्रकरणाचा गाभा त्या दाराआड आहे. पॅरिशमधला खरा अधिकार वेदीवरही नव्हता आणि बारा खुर्च्यांतही नव्हता. कोण कधी बसणार आणि कोण कधी उभं राहणार, हे त्या कागदावर ठरत होतं.

आता पेत्राचा दाखला. ज्येष्ठ सदस्याने तो सांगितला खरा, पण उलटा. योहानाच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात पेत्र नकार देतो, कारण गुरूने वाकणं त्याला सोसत नाही. जगाची उतरंड मोडते आहे आणि त्याला ती जशीच्या तशी हवी आहे. मावशींच्या नकाराचं कारण नेमकं विरुद्ध. फादर वाकले असते, फोटो निघाला असता, आणि उतरंड मात्र जागच्या जागी राहिली असती. दोघांचे शब्द सारखे ऐकू आले म्हणून दोघांना एकच उत्तर देता येत नाही.

शिवाय त्या अध्यायाची सुरुवात लोक वाचताना घाईने ओलांडतात. तिसऱ्या वचनात म्हटलं आहे की पित्याने सर्व काही आपल्या हाती दिलं आहे हे येशूला ठाऊक होतं, आणि म्हणून तो भोजनावरून उठला, बाहेरची वस्त्रं काढली, पंचा कमरेला बांधला, भांड्यात पाणी ओतलं. म्हणजे ज्याच्या हातात सगळं आहे तो उठतो. ज्याच्या हातात काहीच नाही त्याला 'नम्र हो' असं त्या खोलीत कुणी सांगत नाही. पाय धुऊन झाल्यावर तो वस्त्रं घालून पुन्हा बसतो आणि सांगतो, तुम्ही मला गुरू आणि प्रभू म्हणता ते बरोबरच आहे. अधिकार तो नाकारत नाही, त्याचा वापर कुठे करायचा ते दाखवतो. लूक बावीसाव्या अध्यायात याच भोजनाच्या वेळी आपल्यात मोठा कोण म्हणून शिष्यांची हुज्जत चाललेली दिसते. मार्क दहाव्या अध्यायातलं उत्तरही अशांनाच आहे : परराष्ट्रीयांचे अधिपती त्यांच्यावर सत्ता गाजवतात, तुमच्यात तसं नसावं. सेवेची शिकवण आसनं मागणाऱ्यांना दिलेली आहे, पाण्याची भांडी आणणाऱ्यांना नाही. आपल्या प्रवचनांत मात्र ती बहुतेक वेळा बायकांना, सुनांना, नोकरांना, धर्मभगिनींना ऐकवली जाते. म्हणजे जे आधीच सेवा करतात त्यांनाच.

त्याच संध्याकाळचं दुसरं वाचन पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्रातलं, अकरावा अध्याय, वचनं २३ ते २६. मिस्सामध्ये तेवढाच भाग वाचतात. आधीची चार-पाच वचनं वाचली तर कळतं की पौल का रागावला आहे. मंडळीत काही जण आधी येऊन भरपेट जेवतात आणि उशिरा सुटणारे उपाशी राहतात. मुंबईच्या कुठल्याही पॅरिशच्या जेवणात हे करिंथ सापडेल.

बुधवारच्या बैठकीत फादरनी तीन निर्णय घेतले. मतदान घेतलं नाही. चर्चच्या कायद्याच्या ५३६ व्या कलमाप्रमाणे पाळकीय परिषदेचं, म्हणजे पॅरिश कौन्सिलचं, मत सल्ल्याचं असतं, आणि वेळही एक दिवसाचीच होती.

पहिला निर्णय मावशींचं नाव काढण्याचा. पाठोपाठ सगळी यादीच रद्द. प्रत्येक लहान ख्रिस्ती समूहाने एक नाव द्यायचं आणि चिठ्ठ्या टाकून बारा काढायची. व्यवसाय किंवा परिस्थिती जाहीर करायची नाही. 'आज आपल्यात एक सफाई कामगार बसली आहे' अशी घोषणा झाली की ती व्यक्ती माणूस उरत नाही, नमुना होते. पाय धुताना फोटो आणि लाइव्ह बंद.

दुसरा, ठेकेदाराच्या तिन्ही माणसांना गुरुवारी दुपारी ४ पासून भरपगारी सुटी. त्यांचं काम कौन्सिलचे सदस्य करतील. अर्ध्या दिवसाची मजुरी पॅरिशच्या चालू खात्यातून जाईल. गरिबांच्या पेटीतून द्यायची सूचना आली होती. ती फेटाळली, आणि ते योग्यच झालं. मजुरी हा हिशेबातला खर्च आहे. तो दानाच्या पेटीतून भागवला की कामगार याचक ठरतो.

तिसरा, ड्युटी-चार्ट स्टोअरच्या दाराआडून काढून कार्यालयाच्या फळ्यावर लावायचा.

आता विधी, कारण तो नीट करणं हाही सेवेचाच भाग आहे आणि त्यातल्या चुका जवळपास सगळीकडे सारख्या असतात. माणशी एकच पाय धुतात, बहुधा उजवा. एका पायाला पाव लिटर पाणी पुरतं. बारा जणांना तीन लिटर लागतं, पाच लिटर तयार ठेवावं. पाणी कोमट असावं आणि ते कोपराने तपासावं. मधुमेहामुळे पायाची संवेदना गेलेल्या माणसाला पाणी कढत आहे हे कळत नाही, आणि मुंबईत साठीच्या पुढच्या बारा जणांत असा एखादा निघतोच. भेग किंवा जखम असलेला पाय धुवायचा नाही, दुसरा पुढे करायला आधीच सांगून ठेवायचं. बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या, नुसता टॉवेल फिरवून भागत नाही. टॉवेल बारा अधिक तीन. एकच टॉवेल सगळ्यांना वापरू नये. खुर्च्या हाताच्या घ्याव्यात आणि दोन खुर्च्यांत अडीच फूट जागा सोडावी, नाहीतर परात धरणारा सेवक आणि तांब्या घेतलेला सेवक एकमेकांना आपटतात. वेदीसमोरची फरशी ओली झाली की घसरते. खुर्च्यांपुढे रबरी मॅट आणि वापरलेलं पाणी ओतायला झाकणाची बादली हवीच. गुडघे दुखणाऱ्या धर्मगुरूने बुटका पाट ओढत न्यावा, पण उभ्याने ओणवं होऊन नुसतं पाणी शिंपडू नये. ते लांबून फार विचित्र दिसतं. गरज वाटल्यास वरचं पौरोहित्य-वस्त्र उतरवतात. पायाचं चुंबन घ्यावं असं सध्याच्या विधिग्रंथात सांगितलेलं नाही. सगळं मिळून बारा ते पंधरा मिनिटं लागतात. मग धर्मगुरू हात धुतो, वस्त्र घालतो आणि थेट विश्वासू लोकांच्या प्रार्थना सुरू होतात, या मिस्सात विश्वासांगीकार (श्रद्धेची कबुली) म्हणत नाहीत. अर्पणाच्या मिरवणुकीत भाकर-द्राक्षारसाबरोबर गरिबांसाठीची देणगी आणता येते. ही जागा बहुतेक पॅरिश वाया घालवतात.

विधी नीट पार पडला. घोटाळा हॉलमागे झाला. स्वच्छतागृहांची पाळी घेतलेल्या कौन्सिलच्या दोघांनी उत्साहाने भांड्यात आधी आम्ल असलेलं टॉयलेट क्लीनर ओतलं आणि त्यावर ब्लीच. हायड्रोक्लोरिक आम्ल आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. दोघेही खोकत, डोळे चोळत बाहेर आले. खिडक्या उघडून अर्धा तास दार बंद ठेवावं लागलं, आणि चारशे माणसांना तीनच स्वच्छतागृहं उरली. मावशींना उठवून आणायला एक जण निघाला होता. त्याला फादरनी नव्हे, सॅक्रिस्टनने अडवलं.

पास्काच्या (ईस्टरच्या) सणानंतरच्या आठवड्यात मावशींनी कौन्सिलला चाळीस मिनिटं काम शिकवलं. आधी कोरडा झाडू, मग ओलं. आरसा आणि बेसिन आधी, भांडं शेवटी. स्वच्छतागृहाची बादली आणि कापड लाल, ते हॉलमध्ये न्यायचं नाही. क्लीनर ओतून दहा मिनिटं सोडायचं, घासायचं, भरपूर पाणी टाकायचं. ब्लीच त्या दिवशी हातातही घ्यायचं नाही. हातमोजे कोपरापर्यंतचे हवेत. हे शेवटचं सांगताना त्यांनी आपले स्वतःचे मोजे दाखवले, मनगटापर्यंतचे आणि फाटके. ठेकेदाराच्या बिलात दर महिन्याला मोज्यांची रक्कम लागत होती. ती ओळ तपासायचं फायनान्स कमिटीला तोवर सुचलं नव्हतं.

पुढचे महिने जास्त शिकवणारे आहेत. गुरुवारी एक दिवस झाडू धरणं सोपं असतं.

कौन्सिलने पाळीपत्रक केलं. नमुना संत बेनेडिक्टच्या सहाव्या शतकातल्या मठनियमाचा घेतला, आणि तो व्यवहाराला धरून असल्यामुळेच निवडला. त्यात स्वयंपाकघराची पाळी आठवड्याची असते. आजारी किंवा मोठ्या जबाबदारीत गुंतलेला सोडून कुणाला सूट नाही, आणि अशक्ताला मदतनीस मिळतो. शनिवारी पाळी संपवणारा साफसफाई करतो, पंचे धुतो, भांडी कोठाऱ्याकडे स्वच्छ आणि धड परत करतो. पाळी सोडणारा आणि घेणारा मिळून सगळ्यांचे पाय धुतात. जेवण वाढणाऱ्यांना कुरकुर न करता वाढता यावं म्हणून त्यांना आधी थोडा पाव आणि पेय द्यावं, हेही त्यात आहे. पॅरिशने यातून घेतलं ते इतकंच : रविवारी साडेसात ते नऊ स्वच्छतागृहांची जबाबदारी इंग्रजी मिस्सावाल्या दोघांची, आणि जेवण असेल तेव्हा वाढणारे आधी खाऊन घेणार.

दुसऱ्याच महिन्यात एका घरातून पाळीला त्यांची कामवाली आली. बाईसाहेबांचं नाव पत्रकावर, हातात झाडू दुसऱ्याच बाईच्या, आणि रविवार तिचा सुटीचा. नियम करावा लागला : येता येत नसेल तर पाळी बदलून घ्या, बदली माणूस पाठवू नका.

मे महिन्यात लग्नांचा हंगाम. हॉल कमिटीने विचारलं, रविवारी सकाळीही हॉल लागतो आहे, दीड तास माणूस नसेल तर कसं चालेल? फादर म्हणाले, "तुम्हीच ठरवा, मी कोण सांगणारा." त्यांना हा नम्रपणा वाटला. कमिटीने ठरवलं, आणि तीन रविवार मावशी पुन्हा दारात उभ्या होत्या. ज्याच्या हातात निर्णय आहे त्याने तो असा खाली ठेवला की सर्वांत मोठा आवाज असलेला तो उचलतो. अधिकार सोडणं आणि अधिकार वाऱ्यावर सोडणं यांतला फरक मुंबईच्या धर्मप्रांताला नवा नाही. इथे १९२८ पासून आर्चबिशप आळीपाळीने पोर्तुगीज आणि ब्रिटिश असावा असा करार होता. १९३७ मध्ये आलेले ब्रिटिश जेझुइट आर्चबिशप थॉमस रॉबर्ट्स यांना आपल्या जागी भारतीय माणूस हवा होता. १९४६ मध्ये व्हॅलेरियन ग्रेशियस सहायक बिशप झाले. रॉबर्ट्स कारभार त्यांच्यावर सोपवून मुंबईबाहेर गेले. पण पद त्यांनी लगेच सोडलं नाही. सोडलं असतं तर आळीपाळीप्रमाणे पाळी पोर्तुगीजाची होती. पोर्तुगालने १९५० मध्ये तो हक्क सोडल्यावरच राजीनामा मार्गी लागला आणि ग्रेशियस आर्चबिशप झाले, पुढे १९५३ मध्ये भारताचे पहिले कार्डिनल. दुसऱ्याला जागा मिळेपर्यंत सही आपल्या हातात ठेवणं, हेही वाकणंच आहे.

खरी कसोटी ऑगस्टमध्ये आली, आणि चांगल्या हेतूच्या वेशात आली. फायनान्स कमिटीचा प्रस्ताव होता : स्वयंसेवक रविवारी आणि सणांना इतकं काम करतात, तर ठेका तिघांऐवजी दोघांचा करावा, वर्षाला चांगली बचत होईल. कागदावर चूक काढता येत नव्हती. सुखवस्तू लोकांच्या सेवेने एका कामगाराचा पगार खाल्ला असता, आणि नवीन म्हणून बहुधा तिघांतली धाकटी मुलगी गेली असती. पाळीपत्रकावर अभिमान असलेल्या काही सदस्यांनाही हे लगेच दिसलं नाही. ज्या समूह-प्रमुख बाईंनी ड्युटीचा प्रश्न विचारला होता त्यांनीच इथेही बोट ठेवलं.

फादरनी या वेळी 'तुम्ही ठरवा' म्हटलं नाही. ५३७ व्या कलमाप्रमाणे पॅरिशला अर्थ समिती, म्हणजे फायनान्स कमिटी, असलीच पाहिजे, पण ती मदतीला असते. पॅरिशच्या वतीने सही करणारा आणि जाब देणारा धर्मगुरूच. त्यांनी प्रस्ताव नाकारला, कारण इतिवृत्तात लिहायला लावलं, आणि करारात चार दुरुस्त्या मागितल्या : पगार महिन्याच्या ७ तारखेच्या आत; आठवड्याची सुटी आणि पवित्र गुरुवारची संध्याकाळ, उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे), नाताळ भरपगारी; मोजे-बूट पॅरिशने थेट घ्यायचे, बिलातून नाही; ड्युटी-चार्ट बदलायचा तर आधी त्या माणसाशी बोलायचं. ठेकेदाराने पहिल्या तीन मान्य केल्या. चौथीवर त्याचं म्हणणं, मग सुपरवायझर कशाला? वाटाघाटीनंतर रविवारपुरती ती राहिली.

एक जुनं गावठाणी कुटुंब या सगळ्यात दुखावलं गेलं आणि इंग्रजी मिस्साला जाऊ लागलं. त्यांच्या आजोबांनी हॉलची जमीन दिली होती. त्यांचं दुःख खोटं नव्हतं. बारापैकी एक खुर्ची त्यांना त्या दानाची पोच वाटत होती. फादर त्यांच्या घरी दोनदा गेले, खुर्ची मात्र परत दिली नाही. येशूने त्या रात्री आपल्याला दगा देणाऱ्या यहूदाचेही पाय धुतले होते असं म्हणून काहींनी या कुटुंबाला टोमणा मारला. तो शास्त्राचा सर्वांत वाईट उपयोग, आणि कौन्सिलने तो थांबवायला हवा होता. थांबवला नाही.

चर्चेसाठी प्रकरण वापरताना गटाला आधी आपल्या पॅरिशमधले सहा कागद शोधायला सांगावेत : ड्युटी-चार्ट, किल्ल्यांची नोंद, चेकवर सह्या कुणाच्या, हॉलचं बुकिंग-रजिस्टर, घोषणांचा माइक कुणाकडे, आणि जेवणात आधी कोण बसतं. प्रत्येकापुढे एक नाव लिहायचं. मग विचारायचं की या नावांपैकी किती जण गेल्या पवित्र गुरुवारी पुढच्या रांगेत होते, आणि ज्यांच्यावर या कागदांचा परिणाम होतो त्यांच्यापैकी बैठकीला कोण आहे. बायबलची वचनं नंतर उघडावीत. आधी उघडली की सगळे लगेच नम्र होतात आणि कागद राहून जातात.

ठेक्याची मुदत ३१ मे ला संपते. तीन नव्या निविदा आल्या आहेत, त्यातली सर्वांत स्वस्त निविदा स्वतःची माणसं घेऊन येणाऱ्याची आहे. ठेकेदार बदलला तरी सध्याची तिन्ही माणसं त्याच पगारावर आणि आजवरची नोकरी धरून कायम राहतील, असं कलम घालावं अशी सूचना समूह-प्रमुख बाईंनी लेखी दिली आहे. फायनान्स कमिटीत ती एकदा पुढे ढकलली गेली. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत ती सहाव्या क्रमांकावर आहे, आणि या पॅरिशमध्ये सहाव्या विषयापर्यंत पोचायला साधारण रात्रीचे साडेदहा होतात. मावशींना बैठकीला बोलवायचं की नाही, आणि बोलावलं तर कितव्या विषयाला, हे अजून ठरलेलं नाही.